व्हीनस आणि कल्याणचें बंदर

मुंबईहून निघालेली आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून मुंब्रा, दिवें, डोंबिवली हीं स्थानकें मागें टाकीत कल्याणकडे धांवूं लागली, म्हणजे डाव्या हाताच्या खिडकींतून उल्हास नदीचें रुंद पात्र मधूनमधून दिसत राहतें. नित्याच्या प्रवाशाचें तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशीं राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याला या पाण्याच्या कांठचें बंदर चांगलें ठाऊक होतें. त्यानें आपल्या व्यवसायबंधूंसाठीं समुद्रमार्गांचें एक टिपण लिहून ठेविलें. तें ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. लेखकाचें स्वतःचें नांव मात्र कालौघांत बुडालें. या टिपणांत सोपाऱ्यामागून ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण येतें, आणि त्याविषयीं सांगितलेली हकीकत मोठी चमत्कारिक आहे. थोरल्या सारगनाच्या काळीं हें बंदर कायदेशीर पेठ होती. पुढें तें संदनाच्या हातीं गेलें आणि तेथील व्यापार अडविण्यांत आला. इतका, कीं एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें आलेंच तर पहारा बसवून त्याला भडोचला नेण्यांत येई.

हा सारगन म्हणजे सातवाहनांचा कोणी शातकर्णी असावा असें अभ्यासक मानतात. भडोच तर शक क्षत्रप नहपानाच्या ताब्यांत होतें. दोन राज्यांच्या चुरशींत कल्याणचा गळा आवळला गेला होता. वामनाच्या वेळीं झारीच्या तोटींत जाऊन बसलेला शुक्राचार्य पाणी पडूं देईना, तसाच हा प्रकार. येथें शुक्राचार्याचें नांव निघालें तें केवळ म्हणीच्या ओघांत. पण पुढें त्याच्याशीं आणखी निराळ्या नात्यानें गांठ पडणार आहे.

मिसरच्या बंदरांतून निघणारीं हीं जहाजें ज्या साम्राज्याच्या छत्राखालीं चालत, त्या रोमच्या राज्यांत प्रीतीची आणि सौंदर्याची देवता व्हीनस ही राजकुलाची आदिमाता म्हणून पूजिली जात होती. जहाजांतून मद्य आलें, पोंवळें आलें, तांबें, कथील, शिसें आलें, सोन्यारुप्याचीं नाणीं आलीं. भडोचच्या राजासाठीं गाणारीं मुलें आणि अंतःपुरासाठीं रूपवती मुलीहि येत, असें पेरिप्लसकारानें निर्विकारपणें लिहून ठेविलें आहे. मग या सामानाबरोबर ती देवताहि कोंकणच्या किनाऱ्यावर उतरली काय? आणि आपल्याकडची एखादी देवी तिच्या गांवीं गेली काय? या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई अनेकांनीं केली आहे. विशेषतः १९३८ सालीं पाँपेई येथें एक हस्तिदंती मूर्ति सांपडल्यापासून ही घाई फारच वाढली. तिचा विचार करण्यापूर्वीं मूळ देवतेची थोडी ओळख करून घेणें बरें.

व्हीनस म्हटली कीं समुद्राच्या फेंसांतून वर आलेली, शिंपल्यावर उभी असलेली सुंदरी डोळ्यांपुढें येते. ती कथा ग्रीकांची, आणि ती देवता त्यांची अफ्रोदिती. सायप्रस बेटांत पेफॉस येथें तिचें मोठें ठाणें होतें, आणि तिच्या मागें पश्चिम आशियांतील इश्तार, अस्तार्त अशा प्राचीन देवतांची सावली उभी होती. रोमची व्हीनस प्रारंभीं याहून पुष्कळ साधी होती. ‘व्हीनस’ या शब्दाचा मूळ अर्थ मोहिनी, लावण्य, आवड असा. संस्कृतांतील ‘वन्’ धातु आणि वैदिक ‘वनस्’ हा शब्द यांचें तिच्याशीं सख्खें नातें आहे. आपण ज्या ‘वनिता’ शब्दाचा सहज उपयोग करतों तो त्याच धातूपासून निघालेला. तेव्हां शब्दापुरतें पाहिलें तर व्हीनस आपल्याला परकी नाहीं. राजांच्या काळीं रोममध्यें या देवतेचें नांवहि नव्हतें, असें व्हारो या रोमन पंडिताचें मत होतें. भाजीपाल्याचे मळे आणि द्राक्षांचे बाग यांच्याशीं तिचा संबंध जोडलेला होता. माळ्यांची ही देवता साम्राज्याची माता कशी झाली, हा इतिहास तिच्या पुराणकथांहून अधिक मनोरंजक आहे.

रोममध्यें तिचें पहिलें ज्ञात मंदिर ख्रिस्तपूर्व २९५ मध्यें फाबियस गुर्गेस यानें बांधावयास घेतलें. त्याचा खर्च, इतिहासकार लिव्ही सांगतो त्याप्रमाणें, व्यभिचाराबद्दल दोषी ठरलेल्या कुलीन स्त्रियांकडून वसूल केलेल्या दंडांतून भागविला गेला! प्रीतिदेवतेच्या देवळाला याहून विचित्र वर्गणी क्वचितच मिळाली असेल. पुढें ख्रिस्तपूर्व २१७ मध्यें त्रासिमेनो सरोवराच्या कांठीं हानिबालनें रोमन सैन्याची वाताहत केली. घाबरलेल्या रोमनांनीं भविष्यग्रंथ उघडले, आणि सिसिलींतील एरिक्स डोंगरावरील व्हीनसला नगरांत आणण्याचें ठरलें. दोन वर्षांनीं कॅपिटोल टेंकडीवर तिच्या मंदिराचें समर्पण झालें. म्हणजे परकी व्हीनस रोममध्यें आली ती प्रेमिकांच्या हांकेला ओ देऊन नव्हे, तर युद्धांतील संकटनिवारणासाठीं.

तिचें तिसरें रूप गृहिणींना अधिक जवळचें वाटेल. त्या रूपाला ‘व्हर्टिकॉर्डिया’, म्हणजे मन वळविणारी, असें नांव होतें. मन वळवावयाचें तें उच्छृंखलपणाकडून शीलाकडे. या रूपाची पहिली मूर्ति स्थापन करण्यासाठीं नगरांतील सर्वांत शीलवती स्त्री निवडण्यांत आली, आणि तो मान सुल्पिशिया नांवाच्या गृहिणीस मिळाला. पुढें अग्निदेवता व्हेस्टा हिच्या व्रतस्थ कुमारिकांवर व्रतभंगाचा आरोप येऊन सारें नगर हादरलें, तेव्हां ख्रिस्तपूर्व ११४ मध्यें या मन वळविणाऱ्या व्हीनसचें स्वतंत्र मंदिर उभारलें गेलें. एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस तिचा उत्सव असे. कवि ओव्हिडनें त्याचें वर्णन केलें आहे. त्या दिवशीं स्त्रिया देवीच्या गळ्यांतील सोन्याचे अलंकार उतरवून ठेवीत, मूर्तीला आपल्या हातांनीं न्हाऊं घालीत, अंग कोरडें करून दागिने पुन्हां चढवीत, आणि ताजे गुलाब वाहात. मग स्वतः मर्टलच्या हिरव्या डहाळ्यांचे मुकुट घालून स्नान करीत आणि खसखस वाटून दुधांत कालविलेलें, मध घातलेलें पेय पीत.

खसखस, दूध आणि मध! चैत्राच्या हळदीकुंकवास चैत्रगौर न्हाऊन, नटून झोंपाळ्यांत बसते, तेंहि याच सुमारास. घरोघर हरभऱ्याची वाटली डाळ आणि पन्हें होतें. हें वर्णन कानीं पडतांच एखाद्या चतुर व्याख्यात्याला दोहोंमध्यें पूल बांधण्याचा मोह व्हावा हें साहजिक आहे. परंतु वसंत ऋतूंत देवीला न्हाऊं घालावें, तिला फुलें वाहावींत, आपणहि कांहीं गोड-थंड प्यावें, हें सुचण्यासाठीं जहाजांची गरज लागत नाहीं. सारखेपणा म्हणजे उसनवारी नव्हे. ही गोष्ट येथेंच लक्षांत ठेविली तर पुढील विवेचनांत पुष्कळ फसगत टळेल.

रोमचे सेनापति व्हीनसच्या मागें कसे लागले हें थोडक्यांतच सांगण्यासारखें आहे. सुल्ला आपल्याला तिचा लाडका म्हणवी. पाँपीनें ख्रिस्तपूर्व ५५ मध्यें आपल्या नाट्यगृहाच्या माथ्यावर विजयिनी व्हीनसचें मंदिर बांधलें. ज्यूलियस सीझरनें तर तिला आपल्या कुळाचीच मूळमाता ठरविली. ट्रॉयचा वीर ईनियस हा तिचा पुत्र आणि आपण ईनियसचे वंशज, असा त्या घराण्याचा दावा होता. फार्सेलसच्या रणांगणीं केलेला नवस त्यानें ख्रिस्तपूर्व ४६ मध्यें मंदिर बांधून फेडला, आणि त्यांत ब्रिटनच्या मोत्यांनीं मढविलेलें एक उरस्त्राण तिला अर्पण केलें. मोत्यांचा आणि या देवीचा योग वारंवार आलेला दिसतो. क्लिओपात्रानें एक अमोल मोतीं आंबट द्रवांत विरघळवून पिऊन टाकलें, ही प्रसिद्ध कथा प्लिनीनें सांगितली आहे. त्याच्या जोडीचें उरलेलें मोतीं दुभागून रोमच्या पँथिऑनमधील व्हीनसच्या दोन्ही कानांत घातलें, असेंहि तो सांगतो. तीं मोत्यें पूर्वेकडील राजांकडून क्लिओपात्राच्या हातीं आलीं होतीं. देवीचें रूप रोमचें, पण शृंगाराचें सामान पूर्वेचें, असा हा योग होता. प्लिनी स्वभावानें हिशेबी गृहस्थ. हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्याच्या तिजोरींतून पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि हिंदुस्थान, चीन व अरबस्थान मिळून दहा कोटी, असा आंकडा मांडून रोमच्या चैनीवर आणि स्त्रियांच्या हौसेवर तो खापर फोडतो. कल्याण आणि भडोच येथील शेटसावकारांना या रागाचें वाईट वाटण्याचें कारण नव्हतें.

आतां पाँपेईकडे वळावयास हरकत नाहीं. व्हेसूव्हियस पर्वताच्या पायथ्याचें हें नगर व्हीनसचें खास नगर होतें. ख्रिस्तपूर्व ८० मध्यें सुल्लानें तेथें आपल्या सैनिकांची वसाहत केली तेव्हां वसाहतीच्या अधिकृत नांवांतच तिनें स्थान मिळविलें. नगराच्या नैऋत्य टोंकास, जहाजें दिसावींत अशा उंचवट्यावर, तिचें मंदिर होतें. इसवी सन ६२ च्या भूकंपांत तें कोसळलें, आणि पुनर्बांधणीचें काम चालूं असतांच इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेनें सारें नगर गाडून टाकलें. देवीची देवळाबाहेरची वस्ती मात्र भिंतींवर राहिली. नगराच्या मुख्य रस्त्यावर व्हेरेकुंडस नांवाच्या लोकरी मालाच्या कारागिराचें दुकान होतें. त्याच्या दर्शनी भिंतीवर पाँपेईची व्हीनस रंगविलेली आहे: डोक्यावर मुकुट, अंगभर वस्त्रें, हातीं राजदंड आणि नावेचें सुकाणूं, आणि तिचा रथ ओढणारे चार हत्ती! फेंसांतून नुकतीच बाहेर आलेली नग्न सुंदरी ती ही नव्हे. ही नगररक्षिका आहे. दुकानाच्या दारावर बसून ती धंद्याला बरकत देते. आपल्याकडचा व्यापारी वहीपूजनाच्या दिवशीं लक्ष्मीची तसबीर लावतो, त्याच जातीची ही भावना.

याच रस्त्यावर, थोड्याच अंतरावरील एका घरांत, १९३८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेदेओ माइयुरी या संशोधकाच्या देखरेखीखालीं उत्खनन चालूं असतां एका मोडलेल्या लांकडी पेटींत हस्तिदंताची एक मूर्ति निघाली. उंची सुमारें चोवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षां थोडी अधिक. मूर्ति स्त्रीची, अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीं, पण दागिन्यांना तोटा नाहीं. कमरेला जाड मेखला, गळ्यांत भरघोस हार, मनगटापासून कोपरापर्यंत कांकणांची रांग, पायांतहि वाळ्यांचे थरावर थर. दोन्ही हात कोपरांत मुडपून वर कानां-मानेकडे नेलेले. दोहों बाजूंस दोन लहानशा दासी शृंगाराच्या पेट्या सांवरून उभ्या. ही रोमन कारागिरी नव्हे, हें पाहणाऱ्याला सांगावें लागत नाहीं. साऱ्या रोमन साम्राज्यांत निःसंशय भारतीय अशा ज्या थोड्या कलाकृति मिळाल्या, त्यांत ही अग्रगण्य. आज ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे.

माइयुरीनें तिला लक्ष्मी म्हटलें, आणि ‘पाँपेईची लक्ष्मी’ हें नांव तिला कायमचें चिकटलें. दुसऱ्या कांहीं पंडितांनीं ‘भारतीय व्हीनस’ म्हणावयास आरंभ केला. दोन्ही नांवें कानाला गोड आहेत. दोन्ही चुकीच्या दिशेनें नेणारीं आहेत. लक्ष्मी म्हणावें तर हातीं कमळ नाहीं, खालीं कमलासन नाहीं, वर घट ओतणारे हत्ती नाहींत. आणि तीं चिन्हें त्या काळच्या शिल्पकारांस अज्ञात होतीं असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण सांचीच्या तोरणांवर तीं ठसठशीत कोरलेलीं आहेत. या बाईचें गोत्र सांचीच्याच दुसऱ्या आकृतींत सांपडतें: झाडाच्या फांदीला धरून उभ्या राहणाऱ्या यक्षींमध्यें. यक्षी ही समृद्धीची, सृजनाची शुभ मूर्ति. पण तिला देव्हाऱ्यांत बसवून नैवेद्य दाखविण्यासाठीं ही विशिष्ट बाहुली घडविली नव्हती. याचा पुरावा तिच्या डोक्यांतच आहे. माथ्यावरून खालीं गेलेलें एक भोंक आहे. त्यांत दुसरा भाग बसविण्याची योजना होती. ती आरशाची मूठ असेल, किंवा एखाद्या लहानशा चौरंगाचा पाय असेल. शृंगाराच्या पेट्या धरलेल्या दासी पाहतां आरशाची कल्पना अधिक साजून दिसते.

तेव्हां व्हीनसच्या नगरांत गेली ती आपली देवी नव्हे. गेला तो शृंगाराच्या वा घरसजावटीच्या वस्तूचा एक भाग. हें ऐकून कोणाची निराशा होत असेल तर त्याला इलाज नाहीं. पण देवीच्या ऐवजीं प्रसाधनाची वस्तु गेली, यांत महाराष्ट्राचा मान कमी होत नाहीं. उलट तो कोणत्या कारागिरांच्या गांवाला द्यावा, हें आतां पुष्कळसें निश्चितपणें सांगतां येतें. जालना जिल्ह्यांतील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथें १९७३ सालीं उत्खनन झालें, त्यांत हस्तिदंताच्या अशाच एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला, तसाच अलंकारांनीं मढलेला, दोन्ही अंगांस तशाच दासी असलेला. तेर येथेंहि त्याच घडणीची हस्तिदंती स्त्री मिळाली असून रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या संग्रहामुळें त्या गांवचें वैभव आज लोकांना पाहतां येतें. हें तेर म्हणजे पेरिप्लसमधील ‘तगर’. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तें आहे, तेथून कापडाचे ठोक गाडे भरून अवघड, रस्ता नसलेल्या मुलुखांतून भडोचला जातात, असें त्या ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलें आहे. भडोचच्या निर्यातींत त्यानें हस्तिदंतहि गणला आहे.

पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशीं खरोष्ठी लिपींतील एक अक्षर आहे. ही लिपि वायव्य सरहद्दीकडची. म्हणून मूर्तीचें जन्मस्थान गांधाराकडे ओढण्याचाहि प्रयत्न झाला, आणि काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथें फ्रेंच संशोधकांना १९३७ पासून मिळालेल्या हस्तिदंती फलकांनीं त्याला बळ दिलें. परंतु खरोष्ठी अक्षर पाहण्यासाठीं दख्खनच्या व्यापाऱ्याला सिंधुपार जाण्याची गरज नव्हती. नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिपी आहेत, आणि हीं नाणीं नाशिक भागांत घागरी भरून मिळालीं आहेत. मूर्ति भोकरदनच्या बाजूस घडली आणि क्षत्रपांच्या बंदरांत तिच्यावर खूण पडली, असें मानण्यास त्या अक्षराची आडकाठी नाहीं.

मग ती कल्याणच्या धक्क्यावरून गेली, कीं भडोचच्या? घाटावरून कल्याणास उतरण्याची राजरोस वाट नाणेघाटाची. त्या खिंडींत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणहि आहे. भोगवर्धन, पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण ही सरळ उतरण. भडोचची वाट याच्या मानानें किती तरी लांब. परंतु पेरिप्लसच्या काळीं सरळ वाटेच्या शेवटीं पहारा बसला होता. पाँपेई गाडलें गेलें इसवी सन ७९ मध्यें. मूर्ति त्यापूर्वीं तेथें पोंचली, आणि तिच्या शेवटच्या मालकाच्या हातीं येण्यापूर्वीं तिनें कांहीं वर्षें इतरत्र काढलीं असल्यास ती कल्याण खुलें असतांनाच बाहेर पडली असेल. ठाणें जिल्ह्याच्या अभिमानाला एवढी जागा पुरेशी आहे. यापलीकडे जाऊन कल्याणच्या धक्क्यावर तिची पावती फाडणें बरें नव्हे.

उलट दिशेनें काय आलें? रोमन वस्तु महाराष्ट्रांत मिळतात, आणि त्यांत देवताहि आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेंकडींत ब्राँझच्या वस्तूंचा जो सांठा मिळाला, त्यांत समुद्रदेव पोसायडन याची सुरेख छोटी मूर्ति आहे. समुद्र ओलांडून आलेल्या सामानांत समुद्राचाच देव असावा, हें समर्पक खरें. पण ती मूर्ति आरसा, सुरई अशा वस्तूंबरोबर होती. म्हणजे जशी पाँपेईची यक्षी तिकडे, तसा हा पोसायडन इकडे: पूजेचा देव म्हणून नव्हे, तर परदेशची मौल्यवान चीज म्हणून. केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिसजवळ ऑगस्टस बादशहाचें मंदिर एका जुन्या रोमन नकाशावर दाखविलेलें आहे. कोंकणांत तसलें कांहीं आढळत नाहीं. येथील यवनांनीं उलट काय केलें, तें कार्ल्याच्या चैत्यगृहांत खांबाखांबावर कोरलेलें आहे. धेनुकाकट गांवच्या यवनांनीं ते खांब बौद्ध संघाला दान केले. जुन्नरासहि यवनांचीं दानें आहेत. कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार यांचीं नांवें कान्हेरीच्या लेण्यांत आढळतात, आणि तींहि संघाच्या दानांतच. नाणेघाटाच्या लेखाच्या आरंभीं ज्यांना वंदन केलें आहे त्यांत धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल आहेत. व्यापाऱ्याला या वाटेवर श्रद्धेची उणीव नव्हती. परदेशची प्रीतिदेवता उतरवून घ्यावी अशी रिकामी जागाच कोठें नव्हती.

असें असूनहि व्हीनस हिंदुस्थानांत आली. मूर्तीच्या रूपानें नव्हे, शब्दाच्या रूपानें. आणि जिथें कोणी शोधणार नाहीं तिथें जाऊन बसली. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत ‘बृहज्जातक’ रचलें, त्यांत ग्रहांचीं पर्यायी नांवें दिलीं आहेत. सूर्याला हेलि, बुधाला हिम्न, मंगळाला आर, शनीला कोण. हेलिओस, हर्मीस, आरीस, क्रोनोस हीं ग्रीक नांवें त्यांतून स्पष्ट ऐकूं येतात. आणि शुक्राचें नांव दिलें आहे ‘आस्फुजित्’. हें संस्कृत दिसणारें नांव म्हणजे अफ्रोदिती. ज्या शुक्राला आपण भृगूचा पुत्र, दैत्यांचा गुरु, मृतसंजीवनी विद्येचा स्वामी म्हणून ओळखतों, त्या दाढीवाल्या ऋषीच्या अंगावर ग्रीक सुंदरीचें नांव असें चढलें! वामनाच्या दर्भानें एक डोळा गमावलेल्या या तपस्व्याला हें समजलें असतें तर त्यानें काय केलें असतें, देव जाणे.

नुसतें नांवच आलें असतें तर ती पंडितांची गंमत म्हणून सोडून देतां आली असती. पण नांवाबरोबर स्वभावहि आला. पुराणांतला शुक्र पुरुष. बृहज्जातकांत मात्र चंद्र आणि शुक्र हे स्त्रीग्रह मानले आहेत. विवाह, सौंदर्य, गाणें-बजावणें, सुगंध, भूषणें हीं सारीं शुक्राच्या स्वाधीन. दैत्यगुरूच्या चरित्रांतून हें खातें निघत नाहीं. व्हीनसच्या चरित्रांतून तें सरळ निघतें. लग्नाचा विचार ज्या सातव्या स्थानावरून करतात त्याला ‘जामित्र’ म्हणतात. हाहि शब्द ग्रीक, वर्तुळाच्या व्यासाला असलेला. ‘होरा’ आणि ‘केंद्र’ तसेच. ही विद्या ज्या उज्जयिनींत रुजली, तिचा माल पेरिप्लसच्या काळीं भडोचच्या बंदरांत उतरत असे. कल्याणास आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत जेथें नेलीं जात, तेंच हें बंदर.

वारांचीहि हीच गोष्ट. रोमन लोक सहाव्या वाराला व्हीनसचा दिवस म्हणत. आपण त्यालाच शुक्रवार म्हणतों, कारण सात ग्रहांचा तो क्रम जसाच्या तसा उचललेला आहे. तिथीबरोबर वार नोंदविणारा अगदीं जुन्या लेखांपैकीं एक म्हणजे मध्यप्रदेशांतील एरण येथील बुधगुप्ताचा स्तंभलेख, इसवी सन ४८४ चा. त्यांत गुरुवार आहे. त्यापूर्वींच्या सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या लेखांत ऋतु आहेत, पक्ष आहेत, दिवस आहेत, पण वार नाहींत. श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीचा कागद भिंतीला लावून लेंकुरांसाठीं पूजा करणाऱ्या आईचा मात्र व्हीनसशीं कांहीं संबंध नाहीं. जिवती येथलीच, फक्त तिला मिळालेला वार बाहेरून आला. रिकामी चौकट परदेशची आणि तींत बसविलेली देवी घरची, असा हा प्रकार आहे. शुक्राचा अस्त झाला असतां लग्नें लावीत नाहींत, हा पंचांगाचा नियम मात्र मुहूर्त काढणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतो. मुलीच्या लग्नाची तारीख एका पिवळ्या ताऱ्यासाठीं दीडदोन महिने पुढें ढकलणाऱ्या कल्याणकर गृहस्थाला, आपण कोणाची वाट पाहत आहों हें कोणी सांगितलें तर त्याला थोडें नवल वाटेल.

सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नांवाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, जो पुढें साधु झाला, या किनाऱ्याचा वृत्तांत लिहून गेला. त्यांतील ‘कल्लियाना’ म्हणजे आपलें कल्याण असेंच बहुतेक अभ्यासक मानतात. झारीचा बोळा तोंवर केव्हांच निघाला होता. तेथून पितळ, शिसवीचें लांकूड आणि कापड परदेशीं जात होतें. आणि तेथें ख्रिस्ती लोकांची वस्ती असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो, असें तो सांगतो. पश्चिम समुद्राकडून एक धर्म अखेर कल्याणच्या धक्क्यावर उतरला होता. तो उतरला तेव्हां रोमच्या बादशहांनीं जुन्या देवळांतील पूजा बंद करून दीडशें वर्षें होऊन गेलीं होतीं. सीझरचें मंदिर पूजेवांचून पडलें होतें, पाँपेईची यक्षी राखेखालीं होती, आणि उज्जयिनीचे ज्योतिषी पत्रिकेंत आस्फुजित् कोणत्या घरीं पडला आहे तें पाहून मुलींचीं लग्नें जुळवीत होते.